आबांनी सांगितलेली वेळ

मी काळजीखोर बाई आहे. गॅसचा कॉक बंद केला का, हे बघायला मी उतरलेला जिना पुन्हा चढते, आणि परत उतरताना वाटतं, बघितलं खरं, पण हात लावून बघितलं का? सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाईंग मिलमध्ये मी रंग जुळवायच्या लॅबमध्ये काम करते. तिथे ही खोड गुण म्हणून खपते. घरात मात्र ती कोणालाच झेपत नाही. त्यामुळे सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहणाऱ्या भावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "आबांचं काहीतरी बिनसलंय," तेव्हा माझं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आबा म्हणजे आमचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी सुरतेतल्या लिंबायतला यंत्रमाग चालवला. मागाच्या खडखडाटात डावा कान पूर्ण गेला, उजव्यावर काम चालतं. आई गेल्यापासून ते त्याच जुन्या खोलीत एकटे राहतात. भावाच्या म्हणण्याप्रमाणे एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या होत्या. एकदा दूध उतू जाऊन, करपून, भांडं काळं पडेपर्यंत त्यांना कळलंच नाही, शेजारीण धावत आली. आणि एकदा भावाकडे यायला म्हणून ते रिक्षात बसले ते भलत्याच दिशेला, उधन्याला उतरले. तिथून रिक्षावाल्यानेच भावाला फोन लावून दिला.

भाऊ वाईट नाही. त्याने कोसाडच्या त्याच्या दोन खोल्यांतला एक कोपरा आबांसाठी मोकळा करायची तयारी केली होती. पण लिंबायतची खोली एकदा सोडली की ती परत मिळायची नाही, आणि आमच्या गावाकडच्या बोलीत आबांचं एकच म्हणणं होतं, "मी आठेच बरा शे." इथेच, कारण त्या गल्लीत त्यांच्याशी, बहिऱ्याशी बोलावं तसं, ओरडून बोलणारी वीसेक माणसं आहेत. कोसाडला भावाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड आबा किती दिवस टिकतील, याचा विचार करून मला झोप लागत नव्हती. तसंच लिंबायतला गॅसजवळ एकटे किती दिवस टिकतील, याचाही. शेवटी भावाचं आणि माझं ठरलं की मार्चअखेरपर्यंत नीट लक्ष ठेवायचं. डोकं खरंच चालेनासं झालं असेल तर खोली सोडायची. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास मी एका भानगडीत पडले होते. बारावी सायन्सनंतर माझं शिक्षण थांबलं, पण आकाशाची हौस काही थांबली नाही. गेल्या वर्षी मोबाईलवर मला शोध लागला की जगभरातल्या साध्या माणसांना खगोलशास्त्रात हातभार लावता येईल असे कितीतरी उपक्रम चालतात. दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही, पैसे तर नाहीच. कुठे मोठ्या दुर्बिणीने काढलेल्या फोटोंत हलणारा ठिपका शोधायचा, कुठे आपल्या गच्चीवरून किती तारे दिसतात ते मोजून कळवायचं. ते मोजणं मी केलं. सचिनच्या आकाशात मला मृग नक्षत्रात सात-आठ चांदण्या दिसल्या, आणि त्याच यादीत चिलीतल्या कोणीतरी लिहिलं होतं की मोजता मोजता मान दुखली.

यंदाचा उपक्रम सावलीचा होता. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराला वेगवेगळ्या देशांतल्या दोघादोघांची जोडी लावायची. दोघांनी आपापल्या गावात एक मीटरची काठी उन्हात उभी करायची, दुपारी दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजायची आणि वेळ लिहायची. सावली सगळ्यांत आखूड होते ती तुमची खरी माध्यान्ह. दोन्ही गावांतल्या आखूड सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढता येतो, आणि माध्यान्हीच्या वेळेवरून तुमचं गाव पूर्वेला किती, पश्चिमेला किती, हे कळतं. तुम्ही आकडे भरले की त्यांच्या हिशेबाने उपक्रमाच्या नकाशावर तुमच्या नावाचं टिंब उमटतं. माझी जोडी किर्गिझस्तानातल्या एका निवृत्त शिक्षिकेशी लागली. सुरतेची पोरं डॉक्टरकी शिकायला जातात ते किर्गिझस्तान, एवढंच मला त्या देशाबद्दल माहीत होतं. ती तिच्या भाषेत लिहायची, मोबाईल त्याचं हिंदी करायचा, आणि मग मी दोनदा वाचून उत्तर द्यायची. तिने पहिल्याच निरोपात विचारलं होतं, तुमच्याकडे बर्फ वितळला का?

सुरुवातीला सगळ्यांची एक ऑनलाइन बैठक झाली. मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. चुकलेला आकडा आम्हाला चालतो, पण सुधारून लिहिलेला चालत नाही. चूक सापडली तर कारणासकट कळवा, उत्तर माहीत आहे म्हणून मोजमाप बदलू नका. प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तराकडून मागे येत आकडे भरणाऱ्या आमच्या पिढीला हे जरा लागलंच.

आणि मग मला ती कल्पना सुचली, जिची मला आजही लाज वाटते. सावलीचं मोजमाप लिंबायतला आबांच्या गच्चीवर करायचं. खुणा मी करायच्या आणि वेळ आबांनी सांगायची. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ काढून वर न्यायचं, ते मांडीवर घेऊन आबा बसतील आणि दर पाच मिनिटांनी वेळ पुकारतील. मी प्रत्येक खुणेचा मोबाईलवर फोटो काढीन. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते. नंतर दोन्ही ताडून बघितलं की माणसाचं लक्ष दीड तास एका जागी राहतं की नाही, ते कोणाला न दुखवता कळेल. पृथ्वीच्या घेराच्या नावाखाली मी बापाचं डोकं मोजायला निघाले होते.

त्या रविवारी मी सकाळी लवकर लिंबायतला पोचले. आबा दूध आणायला गेले होते. मी स्टुलावर चढले, घड्याळ काढलं, पुसलं, मोबाईलशी ताडून काटे बरोबर केले. किर्गिझस्तानपर्यंत जाणारे आकडे होते, चूक नको. साडेअकराला आम्ही वर गेलो. मागांचा आवाज रविवारीही खालून येत होता. डिशच्या दांड्यांना उत्तरायणातला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा मांजा अजून गुंडाळलेला होता. कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी मी शेजारच्या साडीवाल्याकडून मागून आणली होती. ती चार विटांच्या मध्ये उभी केली. ती सरळ आहे का, हे बघायला आबांनी खिशातून दोरा काढला, त्याला एक नट बांधला आणि ओळंबा धरला. मी म्हटलं, ठीक आहे. ते म्हणाले, "नही. केसभर तिकडे शे." आणि खरंच होती.

काटा पाच मिनिटांच्या खुणेवर आला की आबा हात वर करायचे. मला मीच लावलेल्या परीक्षेत मीच बसल्यासारखं वाटत होतं. "आबा, कितला वाजनात?" मी उजव्या कानाशी ओरडायची. ते मांडीवरच्या घड्याळाकडे बघायचे, क्षणभर थांबायचे आणि सांगायचे. बारा. बारा पाच. बारा दहा. मी वाकून फरशीवर खडूने खूण करायची, फोटो काढायची, वहीत त्यांचा आकडा लिहायची. फोनवरची वेळ बघायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. प्रत्येक वेळी ते जे क्षणभर थांबत, ते मला टोचत होतं. घड्याळ समोर असताना माणसाला विचार कसला करावा लागतो? दीड वाजेपर्यंत ऊन डोक्यात गेलं, पण त्यांनी एकही पाळी चुकवली नाही. सावली आखूड होत गेली, जेमतेम एकोणचाळीस सेंटीमीटरला आली आणि पुन्हा लांबायला लागली. "फिरनी," आबा म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की मला रडू आलं.

घरी येऊन मी वहीतले आकडे भरून पाठवून दिले. खरं तर आधी फोटोंशी ताडून बघायला हवं होतं. नाही बघितले. धीरच झाला नाही. आज नको, उद्या, असं करत तीन दिवस काढले, आणि ते तिन्ही दिवस मोबाईल हातात घेतला की फोटोंच्या जागी बोट जायचं आणि परत यायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्यात मला कोणाची मदत लागत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, लॅबमध्ये डबा उघडला होता, तेव्हा किर्गिझ बाईचा निरोप आला. फार सभ्यपणे लिहिलं होतं. आपला घेर छान आला, अभिनंदन. फक्त एक शंका आहे. सुरत आमच्या पश्चिमेला आहे, म्हणजे माध्यान्ह आधी आमच्याकडे व्हायला हवी. पण तुमच्या आकड्यांप्रमाणे ती आमच्याआधी तीन मिनिटं तुमच्याकडे झाली. माझी काही चूक होते आहे का? मी उपक्रमाचा नकाशा उघडला. आमचं टिंब सुरतेत नव्हतंच. ते जळगाव जिल्ह्यात चोपड्यावर बसलं होतं.

आता फोटो उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आबांनी "बारा" म्हटलं होतं तो फोटो बारा दहाचा निघाला. "बारा पाच" म्हणाले तो बारा पंधराचा. पुढचे मी नुसते वरवर चाळले, सगळे चुकलेलेच दिसत होते.  घड्याळ मांडीवर असताना माणूस वेळ चुकीची सांगतो, म्हणजे काय उरलं? मी जिन्यात जाऊन भावाला फोन लावला आणि म्हटलं, "तू म्हणत होतास ते खरं आहे."  तो म्हणाला, "रविवारी टेम्पो घेऊन येतो. त्यांना तू सांग." आणि फोन ठेवताना मला त्याच्या हुंदक्याचा आवाज आला होता की काय, याचा मी विचार करत बसले.

परत आले तर साहेब माझ्या टेबलाशी उभे. एका निळ्या लॉटचे सहाच्या सहा नमुने मूळ रंगापेक्षा पिवळे दिसत होते आणि नवा मुलगा रंग पुन्हा बनवायला निघाला होता. मी त्याला सवयीने दटावलं, "सहाही एकाच बाजूला गेलेत ना? मग रंग कशाला ओततोस, आधी दिवा बघ." नमुने बघायच्या पेटीत दिवा खरंच चुकीचा लावलेला होता. रंगवणाऱ्याचा हात चुकला तर एक नमुना हिरवट जातो, एक लालसर. सगळेच सारखे चुकले तर दोष दुसरीकडे असतो. हे मी त्या पोराला सांगत होते आणि सांगता सांगता माझीच जीभ अडखळली.

मी वही आणि फोटो पुन्हा समोर घेतले. एकोणीस नोंदी. पहिल्यात दहा मिनिटांचा फरक. दुसऱ्यात दहा. नवव्यात दहा. एकोणिसाव्यात दहा. भरकटलेलं डोकं असं चुकत नाही.

आमच्या गल्लीत एकाही घरातलं घड्याळ कधी बरोबर नव्हतं. सगळी दहा मिनिटं पुढे असत, मुद्दाम. मागावर बारा तासांची पाळी. सात वाजता तुम्ही जाऊन माग हातात घेतला नाही, तर आधीचा माणूस बारा तास उभा राहिलेला असतो, त्याला जागा सोडता येत नाही. तो तसाच उभा. म्हणून घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची रीत. आणि कोणी वेळ विचारली की काट्यांकडे बघायचं, मनात दहा कमी करायचे आणि मग सांगायचं. मीही लग्न होऊन सचिनला येईपर्यंत तेच करत होते. आबांनी चाळीस वर्षं केलं. गच्चीवर त्यांनी एकोणीस वेळा दहा मिनिटं वजा केली आणि एकदाही हिशेब चुकवला नाही. ते क्षणभर थांबणं म्हणजे ती वजाबाकी होती. त्या दिवशी घड्याळ पुढे नव्हतं, कारण इतकी वर्षं सचिनला काढल्यावर ती रीत विसरून मी ते सकाळी बरोबर केलं होतं, आणि आबांना सांगितलं नव्हतं.

मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी, कळेना. भाऊ फोन उचलत नव्हता. मी सुट्टी झाल्याबरोबर रिक्षा धरून थेट लिंबायत गाठलं.

आबा दारात बसून लसूण सोलत होते. मी उजव्या बाजूला बसले आणि सगळं ओरडून सांगितलं, म्हणजे गल्लीनेही ऐकलं. मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "हाई ते चोपडा!" आमचं गाव तिथून फार लांब नाही. आबा खुदकन हसले. चाळीस वर्षं सुरतेत मजुरी करून सरकारी कागदावर आपण सुरतेचे झालो, आणि सूर्याच्या हिशेबाने अजून चोपड्यातच, असं काहीतरी ते शेजारणीला सांगायला लागले. मीही हसले. मला वाटलं, सुटलो. टेम्पो नको, कोसाड नको, डोकं शाबूत आहे. मी भरभरून बोलत सुटले की फोटोत कशी वेळ असते, मी कशी नंतर ताडून बघणार होते, आणि बोलता बोलता माझ्या तोंडून टेम्पोसकट सगळंच बाहेर पडलं.

आबांचे हात थांबले. "तू मनी परीक्षा लिधी का व?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी लसणाच्या पाकळ्या एका बाजूला केल्या, सालं एका बाजूला. शेजारीण आत निघून गेली. मग ते म्हणाले, आणि बहिरा माणूस बोलतो तितक्या मोठ्याने नव्हे, अगदी हळू, "घड्याळमां मनी चूक नही. पन दूधनं खरं शे. उधनानं बी खरं शे. रिक्षामां बठनू, आनि कोठे जानं शे तेच याद नही उनं. माले भ्याव लागस."

आबांनी "मला भीती वाटते" असं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. मी हातात एकोणीस नोंदींचा पुरावा घेऊन धावत आले होते, आणि ज्याच्या बाजूने तो पुरावा होता तोच माणूस सांगत होता की एवढ्यावरून निकाल लावू नको. मला त्यांचा इतका राग आला की मी म्हटलं, हे भावाला सांगायची काही गरज नाही. त्यांनी मान हलवली. मोबाईल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, लाव त्याला.

या वेळी भावाने उचलला. मी स्पीकर लावला. आबांनी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. घड्याळाची चूक तुझ्या बहिणीची आहे. बाकीच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टेम्पो आणू नको, पण शेगडी घेऊन जा. भाऊ बराच वेळ वाद घालत राहिला, आबांनी त्यातलं निम्मं ऐकू आल्याचं दाखवलं नाही. शेवटी असं ठरलं की गॅस जाईल, डबा शेजारणीकडून येईल, रिक्षात एकट्याने बसायचं नाही, आणि डॉक्टरकडे मी नेईन. खोली राहील. किती दिवस, ते कोणी बोललं नाही.

मी तिथेच बसून उपक्रमवाल्यांना चूक कळवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं की वेळ सांगणाऱ्याने घड्याळ पुढे असल्याचं धरून प्रत्येक नोंदीतून दहा मिनिटं कमी केली, कारण घड्याळ दुरुस्त केल्याचं त्याला सांगितलं गेलं नाही. किर्गिझ बाईलाही तेच लिहिलं. आबांनी विचारलं, काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

निघताना मी चप्पल घालत होते. त्यांनी मला थांबवलं. "आते असं चोरीछुपे बघू नको. इचारी ले. ज्या दिन माले काही याद येवाव नही, त्या दिन मीच सांगसू तुले."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं की ते काय म्हणाले. आम्हा दोघांपैकी कोणीच हसलं नाही. मी उजव्या कानाशी वाकले आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "बरं, आबा. तुम्हीच सांगा."